सीजीपीएचे टक्के: कन्व्हर्जन सर्टिफिकेट नेमकं कुठे अडतं?

बँकांच्या भरतीत पदवीचे टक्के विचारतात आणि आपल्या मार्कशीटवर असतो सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमिस्टरची मिळून दहापैकी सरासरी. ऑनलाइन फॉर्म भरताना कोणी अडवत नाही. मुलं सीजीपीएला दहाने गुणतात, आकडा टाकतात, फी भरून मोकळी होतात. अडतं ते काही महिन्यांनी, मुलाखतीच्या दिवशी, कागदपत्रं तपासणाऱ्याच्या टेबलावर. तिथे सीजीपीएचे टक्के किती झाले हे सांगणारं कन्व्हर्जन सर्टिफिकेट मागतात.

दहाने नाही तर ९.५ ने गुणणारेही भेटतात. ते सूत्र सीबीएसईने दहावीसाठी दिलं होतं, पदवीशी त्याचा संबंध नाही. तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या तक्त्यात ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६० (सीजीपीएतून ०.७५ वजा करून दहाने गुणायचं). आता ६.७० सीजीपीए घ्या. दहाने गुणलं तर ६७, साडेनऊने ६३.६५, आणि या तक्त्याप्रमाणे ५९.५. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी (अधिकारी) परीक्षेला खुल्या गटात पदवीला ६० टक्के लागतात. म्हणजे एकाच मार्कशीटवर तुम्ही पात्रही आहात आणि बादही. म्हणून सूत्र आपल्याच विद्यापीठाचं धरायचं, मित्राच्या नाही. त्यातही पॅटर्न (अभ्यासक्रम आणि गुणांची पद्धत) बदलला की सूत्र बदलू शकतं, तेव्हा परिपत्रकावर आपला पॅटर्न लिहिलाय का ते आधी बघा. एटीकेटीमुळे, म्हणजे विषय राहिल्यामुळे, मागे पडून नव्या पॅटर्नमध्ये गेलेल्यांनी तर दोनदा बघा.

बँक भरतीच्या जाहिरातीत या सर्टिफिकेटबद्दल एक लांबलचक वाक्य असतं, ते कोणी वाचत नाही. त्यात दोन गोष्टी मागितलेल्या असतात: विद्यापीठाचा रूपांतराचा नियम, आणि त्या नियमाने *तुमचे* आलेले टक्के. मार्कशीटच्या मागे छापलेल्या तक्त्यात पहिली गोष्ट असते, दुसरी नसते. आमच्या अभ्यासिकेतला एक मुलगा तोच तक्ता झेरॉक्स करून, त्याखाली पेनाने हिशेब मांडून घेऊन गेला होता. हिशेब बिनचूक होता. चालला नाही, कारण खाली सही त्याची स्वतःची होती.

सही कोणाची हवी, हा खरा घोळ. जाहिरात ‘सक्षम अधिकारी’ म्हणते आणि पुढे गप्प बसते. सर्वात सुरक्षित म्हणजे विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचं पत्र. कॉलेज स्वायत्त असेल तर विद्यापीठ कॉलेजकडे बोट दाखवतं आणि कॉलेज विद्यापीठाकडे. अशा वेळी तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका. लेखी अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या. कागद हातात असला की खिडकीपलीकडचा माणूसही जरा नीट बोलतो. आणि मागताना ‘ट्रान्सक्रिप्ट’ म्हणू नका, तो सगळ्या गुणांचा एकत्र उतारा, ते वेगळं असतं, फीही वेगळी.

अर्जाला सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, पदवी किंवा प्रोव्हिजनल सर्टिफिकेट, ओळखपत्र आणि फीची पावती, बस्स.

पूर्णांक करायची सवय मोडा. बँकांच्या जाहिरातीत ५९.९९ हे ६० पेक्षा कमीच धरतात, तसं स्पष्ट छापलेलं असतं. प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेला पदव्युत्तरचे ५५ टक्के लागतात (राखीव गटांना आणि दिव्यांगांना ५०), तिथेही वर ओढून मिळत नाही.

तारखेचंही तसंच. फॉर्मची शेवटची तारीख वेगळी, पात्रतेची तारीख वेगळी. बँकांच्या भरतीत कन्व्हर्जन सर्टिफिकेट मुलाखतीला दाखवायचं असतं, पण निकाल मात्र पात्रतेच्या तारखेपर्यंत लागलेला हवा. निकाल नुसता वेबसाइटवर लागला असेल आणि मार्कशीट उशिरा आली असेल, तर निकालाची तारीख लिहिलेलं सही-शिक्क्याचं पत्र वेगळं घ्यावं लागतं. ते याच फेरीत मागून घ्या, दुसऱ्यांदा एसटीचं भाडं कशाला?

सर्टिफिकेट हातात आलं की खिडकी सोडण्याआधी तिथेच उभं राहून वाचा. नावाचं स्पेलिंग, आसन क्रमांक, पॅटर्न, टक्के दोन दशांशांपर्यंत, सही, शिक्का, जावक क्रमांक. फॉर्ममध्ये टाकलेला आकडा आणि हा आकडा जुळतो का तेही बघा. दुरुस्तीची मुदत अजून उघडी असेल तर त्याच दिवशी बदला.