जबड्याची हाडझीज (दाहजन्य)

हिरडीत किंवा दाताच्या मुळाशी दीर्घकाळ मुरलेल्या दाहामुळे दात धरून ठेवणारे जबड्याचे हाड हळूहळू नाहीसे होणे. लोक ज्याला पायरिया म्हणतात तो परिदंत रोग हे या झिजेचे सर्वांत सर्रास आढळणारे कारण. त्याखेरीज किडलेल्या दाताच्या मुळाशी धरलेला पू, अनियंत्रित मधुमेह, मुखकर्करोगावरील किरणोपचार आणि काही औषधे यांमुळेही जबड्याचे हाड झिजते किंवा मरते. नागपूर आणि एकूणच विदर्भात खर्रा (घोटलेले सुपारी-तंबाखूचे मिश्रण), मुखकर्करोग आणि सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार यांची भर पडत असल्याने या विषयाला तिथे वेगळे वजन आहे.

दात हाडात घट्ट ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो आणि दात त्यावर तोललेला असतो. निरोगी तोंडात हाडाची वरची कड दाताच्या मानेपासून १ ते २ मिमी खाली असते. हिरडी आणि दात यांच्यामधली फट १ ते ३ मिमी खोल भरते. ही फट वाढून ५, ६ किंवा ८ मिमी झाली की तिला कप्पा म्हणतात. कप्पा खोल होत गेला की त्याच्या तळाशी असलेले हाडही खाली सरकू लागते.

या रोगाची सगळ्यांत घातक गोष्ट म्हणजे तो फारसा दुखत नाही. नागपूरच्या दवाखान्यांत दात हलेपर्यंत थांबलेला रुग्ण हमखास म्हणतो, ‘दुखून तं नव्हतं राहिलं ना डॉक्टरसाहेब.’ खरेच दुखत नसते. ब्रशवर किंवा पेरू खाताना दिसणारे रक्त ही बहुतेकांना मिळणारी एकमेव पूर्वसूचना, आणि तिच्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. क्ष-किरण चित्रावरही भिस्त ठेवता येत नाही. हाडातले ३० ते ५० टक्के खनिज गेल्याशिवाय साध्या चित्रात झीज नीट उमटत नाही.

झीज कशी होते

दातावर साचणाऱ्या जिवाणूंच्या थराला, म्हणजे प्लाकला, शरीराची संरक्षक यंत्रणा उत्तर देते. आधी न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावून येतात, मग लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशी ठाण मांडतात. १९७६ मध्ये पेज आणि श्रोडर यांनी हिरडीतल्या या बदलांचे चार टप्पे सूक्ष्मदर्शकाखाली मांडले. पहिल्या तीन टप्प्यांत हाड शाबूत असते, चौथ्यात ते जाते. तिसऱ्या टप्प्यावर काही जण वर्षानुवर्षे थांबून राहतात, तर काही थोड्याच काळात पुढे सरकतात. हा फरक कशाने पडतो, हा या क्षेत्रातला खरा कळीचा प्रश्न आहे.

हाड जिवाणू कुरतडतात, असा समज अजूनही आहे. प्रत्यक्षात हाड विरघळवतात त्या आपल्याच ऑस्टिओक्लास्ट पेशी. अनेक केंद्रके असलेली ही मोठी पेशी हाडाला चिकटते, कडेने जागा बंद करून घेते, आत आम्ल सोडून खनिज विरघळवते आणि कॅथेप्सिन-के या विकराने (एन्झाइमने) उरलेले कोलॅजन, म्हणजे हाडातले तंतुमय प्रथिन, पचवते. हे काम निरोगी हाडातही रोज चालू असते. फक्त तिच्यामागून ऑस्टिओब्लास्ट पेशी नवे हाड घालत येतात. दाहात हा मेळ मोडतो. १९७२ मध्ये हॉर्टन आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी प्लाकमधील घटकांच्या संपर्कात वाढवल्या आणि त्यांच्याभोवतीचा द्रव हाडाच्या तुकड्यावर घातला. हाड विरघळू लागले. त्या द्रवातला कर्ता मुख्यतः इंटरल्यूकिन-१ हा पेशींमध्ये दाहाचा निरोप पोचवणारा रेणू होता, हे नंतर कळले. १९९७-९८ मध्ये आणखी एक जोडी सापडली. रँक-लायगँड हे प्रथिन ऑस्टिओक्लास्टना जन्माला घालते आणि कामाला लावते, तर ऑस्टिओप्रोटेजेरिन हे प्रथिन त्याला आधीच पकडून निष्प्रभ करते. दाह झालेल्या हिरडीत टी आणि बी लिम्फोसाइट पहिल्याचे प्रमाण वाढवतात, आणि तोल झिजेच्या बाजूला कलतो.

यात शरीराची काहीएक गरज भागत असते, हे लक्षात घेतले पाहिजे. प्लाकचा हाडावरचा परिणाम साधारण दीड ते अडीच मिलिमीटरच्या टप्प्यातच दिसतो. जिवाणू जवळ आले की हाड तेवढे अंतर राखून मागे हटते, त्यामुळे त्यात थेट संसर्ग सहसा शिरत नाही. जबडा वाचतो, पण त्याची किंमत दाताला मोजावी लागते.

माणसांवरचे आणि प्राण्यांवरचे पुरावे

१९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे थांबवायला सांगितले. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्याच हिरड्या सुजल्या, आणि पुन्हा स्वच्छता सुरू केल्यावर आठवडाभरात पूर्ववत झाल्या. हिरडीचा दाह उलटवता येतो, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही. लो यांनीच पुढे श्रीलंकेतील ४८० चहामळा मजुरांचा १९७० पासून पंधरा वर्षे मागोवा घेतला. या मजुरांना दंतोपचार मिळत नव्हते, ब्रशची सवय नव्हती, सगळ्यांच्या दातांवर भरपूर प्लाक होता. तरी १९८६ मध्ये आलेल्या निष्कर्षांत सुमारे ८ टक्क्यांमध्ये झीज झपाट्याने, ८१ टक्क्यांमध्ये मध्यम वेगाने झालेली होती, आणि ११ टक्क्यांमध्ये रोग हिरडीपुढे गेलाच नव्हता. घाण सारखी असूनही हाडांचे भवितव्य वेगवेगळे निघाले.

प्राण्यांवरील प्रयोगांनी या चित्रात भर घातली. १९६५ मध्येच काकेहाशी व सहकाऱ्यांनी जिवाणूमुक्त वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या दातांचा गाभा उघडा केला. तिथे पू झाला नाही, उलट जखमेवर नवे दंतद्रव्य धरले. नेहमीच्या उंदरांत मात्र गाभा मेला आणि मुळाशी गळू झाले. २०११ मध्ये पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस या जिवाणूविषयी असे दिसले की तो अगदी थोड्या संख्येने असला तरी तोंडातल्या बाकीच्या जिवाणूंची घडी विस्कटवतो आणि हाड झिजते. पण जिवाणूमुक्त उंदरात तो एकटा सोडला तर झीज होत नाही. एका शत्रूला मारून रोग मिटेल, ही आशा इथे मावळली.

म्हणून मग दाहालाच आवर घालण्याचे प्रयत्न पुढे आले. टेट्रासायक्लिन औषधे जिवाणूंची वाढ थांबवण्याखेरीज कोलॅजन तोडणाऱ्या विकरांनाही रोखतात, हे गोलुब यांच्या गटाने १९८३ मध्ये दाखवले. त्यातून जिवाणूंवर परिणाम होणार नाही इतक्या कमी मात्रेचे, २० मिग्रॅ डॉक्सिसायक्लिन दिवसातून दोनदा घेण्याचे उपचार निघाले. अमेरिकेत त्याला १९९८ मध्ये मान्यता मिळाली. ओमेगा-३ मेदाम्लांपासून बनणाऱ्या रिझॉल्व्हिन या रेणूंनी सशांमधली हाडझीज थांबली आणि गेलेले हाड काही प्रमाणात परतही आले. हाडझिजेवर सगळ्यांत आश्वासक वाटणारी दिशा हीच आहे, मात्र सशाचे यश माणसाच्या तोंडात उतरायला वेळ लागतो.

ऑस्टिओक्लास्टच बंद पाडल्या तर? हाडात पसरलेल्या कर्करोगात आणि ऑस्टिओपोरोसिसमध्ये, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याच्या आजारात, दिली जाणारी बिस्फॉस्फोनेट आणि डेनोसुमॅब ही औषधे हेच करतात. २००३ पासून आधी बिस्फॉस्फोनेटची आणि पुढे डेनोसुमॅबचीही दुसरी बाजू उजेडात आली. अशा रुग्णाचा दात काढला तर कधीकधी जखम भरत नाही आणि हाड उघडे पडून मरते. असे हाड आठ आठवड्यांहून अधिक काळ उघडे राहिले आणि जबड्यावर किरणोपचार झालेले नसले, तर त्याला औषधजन्य जबडा-मृत्यू म्हणतात. जुने हाड खाऊन टाकणाऱ्या पेशी नसतील तर नवेही बनत नाही.

नागपुरातील चित्र

नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारातले शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासून चालू आहे. रुग्णांच्या तोंडी ते नुसते ‘डेंटल’. तिथे आणि हिंगणा परिसरातल्या खासगी दंत महाविद्यालयांत पदव्युत्तर विद्यार्थी परिदंतशास्त्र शिकतात. अशा विभागातली तपासणी पाहण्यासारखी असते. बोथट टोकाची, मिलिमीटरच्या खुणा असलेली सळई प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हलकेच उतरवली जाते. तपासणारा ‘तीन, दोन, पाच’ असे आकडे सांगत जातो आणि शेजारचा इंटर्न ते तक्त्यात भरतो. जिथे सळई काढल्यावर रक्ताचा ठिपका येतो तिथे लाल खूण होते. संशोधनासाठी याच कप्प्यातला द्रव घेतात. दात कापसाने कोरडा करून कागदाची अरुंद पट्टी किंवा केसासारखी बारीक काचनळी कप्प्याच्या तोंडाशी धरली की मायक्रोलिटरभर द्रव मिळतो. त्यात रक्त मिसळले तर नमुना बाद. चांगला नमुना बर्फात ठेवून प्रयोगशाळेत जातो आणि त्यातील इंटरल्यूकिन, रँक-लायगँड किंवा कोलॅजन तोडणारी विकरे मोजली जातात.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात रोगाला त्याच्या व्याप्तीनुसार चार पायऱ्या आणि वेगानुसार तीन श्रेणी दिल्या आहेत. रोज १० किंवा अधिक सिगारेटी, किंवा मधुमेहात तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा एचबीए१सी ७ टक्के वा अधिक, यांपैकी काहीही असले तर रुग्ण सर्वांत वेगवान श्रेणीत जातो. वाढलेल्या साखरेने दाह चिघळतो, आणि उलट दिशेने, हिरड्यांचे उपचार केल्यावर एचबीए१सी थोडा खाली येतो. मधुमेहाच्या तपासणीत डोळे आणि पाय पाहतात, तशा हिरड्याही पाहिल्या गेल्या पाहिजेत.

धूम्रपानाने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्त कमी येते आणि ती एकमेव पूर्वसूचनाही दबते. खर्‍र्याचे नुकसान वेगळ्या वाटेने होते. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घोटून केलेला हा ऐवज गालाच्या आत दाबून ठेवतात. तो जिथे राहतो तिथली हिरडी मागे सरते, मुळे उघडी पडतात, सुपारीने दाढांचे माथे झिजतात. राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. खर्रा मात्र पानठेल्यावर समोर घोटून मिळत राहिला.

मुखकर्करोग झाल्यावर किरणोपचार लागतात, आणि शहरात राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयासारखी केंद्रे त्यासाठी आहेत. किरणांनी जबड्यातल्या रक्तवाहिन्या कायमच्या आक्रसतात, विशेषतः खालच्या. नंतर कधीही दात काढला तर हाड मरण्याचा धोका राहतो. म्हणून हलणारे, न वाचणारे दात किरणोपचार सुरू होण्याच्या किमान दोन आठवडे आधी काढून जखम भरू देतात. घाईगर्दीत हे राहून गेले तर त्याची भरपाई पुढे फार कठीण असते.

सिकलसेलचा विदर्भाशी जुना संबंध आहे. नागपूरहून त्याची वैद्यकीय नोंद १९५८ मध्ये प्रसिद्ध झाली. या आजारात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. खालच्या जबड्याचा रक्तपुरवठा तुटला की त्याचा तुकडा मरतो, त्यात संसर्ग होतो, कधी हनुवटी बधिर होते. न किडलेल्या दाताचा गाभाही असाच मरू शकतो, आणि डॉक्टरने सिकलसेलविषयी विचारले नाही तर कारण लक्षात येत नाही. २०२१ मध्ये कोविडनंतर आलेल्या म्युकरमायकोसिसमध्येही हाड मेले, ते बुरशीने रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद पाडल्यामुळे. नागपुरातल्या अनेक रुग्णांना वरचा जबडा गमवावा लागला. या दोन्ही प्रकारांत ऑस्टिओक्लास्टचा दोष नसतो, पण दाहाने झिजलेले हाड आणि असे मेलेले हाड यांतला फरक वैद्यकाला आधी ओळखता यावा लागतो.

उपचार

दातांची सफाई केल्याने दात ढिले होतात, ही समजूत घरोघरी आहे आणि तिने अनेकांचे दात घालवले आहेत. हाड आधीच गेलेले असते, दात किटणाने, म्हणजे दगडासारख्या कडक झालेल्या प्लाकने, एकमेकांना जखडलेले असतात. किटण काढले की खरी स्थिती दिसते, आणि दाह ओसरल्यावर दात बरेचदा पूर्वीपेक्षा घट्टही होतात. सफाई आणि मुळांची खोल स्वच्छता यांनी झीज थांबते, गेलेले हाड मात्र क्वचितच परत येते. उभ्या, अरुंद खड्ड्यात हाडाची भुकटी आणि पडदा घालून काही भरणी साधते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या ऊती-पेढीतून मिळणारे मानवी हाड त्यासाठी देशभर वापरले जाते. रुग्णाच्याच रक्तातून काढलेल्या फायब्रिनचाही, म्हणजे रक्ताची गुठळी बांधणाऱ्या प्रथिनाचाही, वापर वाढला आहे. दात काढावाच लागला, तर पहिल्या वर्षात त्या जागच्या हाडाची रुंदी सुमारे निम्म्याने घटते, आणि त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. पुढे कृत्रिम दात बसवायचा असेल तर तो विचार दात काढण्यापूर्वीच करावा लागतो.

खर्रा खाणाऱ्याच्या बाबतीत यातले बरेच काही हाताबाहेर जाते. सुपारीतल्या अरेकोलीनमुळे गालाखालचे तंतू घट्ट होतात आणि तोंड उघडेनासे होते. निरोगी माणसाचे तोंड ३५ मिमीहून अधिक उघडते. या रुग्णांत ते २० मिमीच्याही खाली येऊ शकते. मग ब्रश मागच्या दाढांपर्यंत पोचत नाही, आणि कप्पा मोजणारी सळईही पोचत नाही. त्यांच्या तक्त्यात शेवटच्या दाढांची घरे रिकामीच राहतात.