एक प्रोग्राम, तीन संगणक आणि अठराशे फेऱ्या

सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेबाचा एकच प्रोग्राम तीन संगणकांवर चालत असे. सगळा डेटाबेस, म्हणजे हिशेबाच्या नोंदींचा साठा, पेढीच्या आतल्या खोलीतील संगणकावर साठवलेला होता. तिथे शेतकऱ्यांची थकबाकीची यादी बघता बघता निघे. वखारीतल्या संगणकावर मात्र त्याच यादीला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागे आणि तोवर हिशेबाला आलेली माणसे बाकावर ताटकळत बसत. वखारीतला संगणक जुना झाला, असे समजून मालकांनी त्यात रॅम, म्हणजे संगणकाची तात्पुरती स्मृती, वाढवून घेतली, तरी काही फरक पडला नाही.

मला पाहायला बोलावले, तेव्हा मी आधी प्रोग्राम डेटाबेसला काय काय विचारतो याची नोंद चालू केली आणि यादी काढली. पडद्यावर एकाच साच्याच्या ओळी धावू लागल्या. प्रोग्राम आधी शेतकऱ्यांची नावे मागवत होता आणि मग प्रत्येक नावासाठी थकबाकीचा वेगळा प्रश्न पाठवत होता. खाती १८००, म्हणून प्रश्नही १८००. वखारीतून पिंग करून, म्हणजे छोटा निरोप पाठवून तो परत यायला किती वेळ लागतो ते मोजून पाहिले, तर इंटरनेटवरून एका जाण्यायेण्याला सुमारे २० मिलिसेकंद (सेकंदाचे हजारावे भाग) लागत होते. अठराशे फेऱ्यांचे ३६ सेकंद झाले, आणि त्यातला बहुतेक वेळ दोन्हीकडचे संगणक नुसते वाट पाहत होते. आतल्या खोलीत हीच फेरी संगणकाच्या आतल्या आत मिलिसेकंदाच्याही अंशात पुरी होत असल्याने तिथे हा दोष कधी दिसलाच नाही. सगळ्या खात्यांची थकबाकी एकाच प्रश्नात मागवल्यावर वखारीतली यादी दोन सेकंदांच्या आत येऊ लागली.

दुसरी तक्रार अधिक फसवी होती. ट्रकच्या क्रमांकावरून पावती शोधायला सकाळी पहिल्यांदा बराच वेळ लागे, मग दिवसभर ते काम बरे चाले. याचे कारण असे की एकदा वाचलेली माहिती रॅममध्ये राहते आणि पुढच्या वेळी डिस्कपर्यंत जावे लागत नाही. म्हणूनच वेग मोजताना पहिली आणि दुसरी खेप वेगळी मोजावी, असे मी आग्रहाने सांगतो. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कच्या तबकडीला एक फेरा पुरा करायला ८.३ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे विखुरलेल्या नोंदी ती सेकंदाला साधारण शंभराच्या घरातच वाचू शकते. एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारे काहीच नसते, आणि तिथे हेच काम सहज कितीतरी पट वेगाने होते.

तरीही नवी डिस्क घेण्याआधी ‘एक्सप्लेन’ हा आदेश देऊन डेटाबेस उत्तर कसे शोधतो ते पाहिले. तो सहा लाख पावत्या पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळत होता. आपल्याकडच्या जुन्या पेढ्यांवर रोजकीर्द तारखेवार लिहीत आणि खतावणी नावावार मांडत. कुणाचे खाते पाहायचे असेल, तर कोणी रोजकीर्दीची पाने उलटत बसत नसे. डेटाबेसमध्ये खतावणीचे हे काम इंडेक्स करतो. त्याची रूढ रचना, ‘बी-ट्री’, रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्क्राइट यांनी बोइंगमध्ये काम करताना १९७०च्या सुमारास मांडली. तिच्या प्रत्येक पायरीवर शेकडो फाटे असल्याने लाखो नोंदींतली हवी ती नोंद तीन-चार पायऱ्यांत सापडते. ट्रकच्या क्रमांकावर इंडेक्स नव्हता, एवढेच कारण होते. प्रोग्राम लिहिणाऱ्याने तो एसएसडी असलेल्या लॅपटॉपवर, दोनशे नमुना पावत्या भरून तपासला होता. तितक्या पावत्या चाळायला वेळ लागतच नाही, मग दोष त्याच्या नजरेला पडणार कसा?

इंडेक्स केल्यावर शोध सकाळच्या पहिल्या खेपेलाही पटकन लागू लागला. मालकांचे म्हणणे पडले की, मग सगळ्याच रकान्यांवर इंडेक्स करून टाका. तसे केले नाही, कारण प्रत्येक नवी पावती लिहिताना तितक्या खतावण्याही त्याच क्षणी लिहाव्या लागतात आणि हंगामात काट्यावर गाड्यांची रांग असताना पावतीला होणारा उशीर परवडणारा नसतो. ट्रकचा क्रमांक आणि शेतकऱ्याचे खाते, या दोनच रकान्यांवर इंडेक्स ठेवले.