सर्व्हरलेस म्हणजे बिनचुलीचं भरीत नव्हे

‘सर्व्हरलेस’ या नावामुळे सर्व्हर नसतोच, असा समज पसरला आहे. सर्व्हर असतो. तो भाड्याचा असतो आणि काम येईल तेवढ्यापुरताच आपल्या वाट्याला येतो. ॲमेझॉनने २०१४ साली जाहीर केलेली, आपला कोड चालवून देणारी लॅम्डा सेवा अशीच चालते.

समजा, रावेरच्या केळीचा भाव रोज संध्याकाळी ७ वाजता शेतकऱ्यांच्या मोबाइलवर पाठवायचा आहे, आणि कुणी मधेच विचारला तरी सांगायचा आहे. लॅम्डासाठी ॲमेझॉनचं ‘सॅम’ नावाचं साधन आहे. त्याला ‘सॅम इनिट’ ही कमांड दिली की तयार सांगाडा मिळतो: कोडची फाइल, चाचण्या आणि एक यॅमल फाइल. मेमरी किती, वेळ किती, फंक्शनला, म्हणजे आपल्या कोडच्या तुकड्याला, जागं कशाने करायचं, हे सगळं यॅमलमध्ये. पुढे कोड बांधायला ‘सॅम बिल्ड’, आणि तो ॲमेझॉनवर चढवायला पहिल्या खेपेला ‘सॅम डिप्लॉय --गाइडेड’. रीजन, म्हणजे सर्व्हर कुठला, तो मुंबईचा द्यावा, एपी-साउथ-१.

आता खरी गंमत. भरताची वांगी भाजायला आधी काड्या पेटवाव्या लागतात. जाळ धरला की पुढचं वांगं लगेच भाजतं. लॅम्डाचंही तसंच. पहिली विनंती आली की छोटं आभासी यंत्र उभं राहतं, कोड उतरतो, लायब्रऱ्या लोड होतात, मग उत्तर. हा ‘कोल्ड स्टार्ट’. त्यानंतर यंत्र काही काळ गरम राहतं, पण किती काळ याची हमी नाही. या गरम काळाचा फायदा मिळावा म्हणून डेटाबेसची जोडणी मुख्य फंक्शनच्या बाहेर, फाइलच्या वरच्या भागात लिहावी. ती एकदाच होते आणि पुढच्या विनंत्यांना आयती मिळते. आत लिहिली तर प्रत्येक वांग्याला नवी काडी!

मात्र एका चुलीवर एका वेळी एकच वांगं. २० जणांनी एकदम भाव विचारला तर २० चुली लागतात. ‘दर ५ मिनिटांनी पिंग (नुसती जागं ठेवणारी विनंती) करा, कोल्ड स्टार्ट संपला’ हा तोडगा म्हणजे दृष्ट काढण्यातलाच प्रकार आहे. त्याने एक चूल गरम राहते, उरलेल्या १९ गारच.

मेमरी मुळात १२८ एमबी मिळते आणि सीपीयू, म्हणजे प्रोसेसरची ताकद, तिच्याच प्रमाणात. पूर्ण एक व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) १,७६९ एमबीला. त्यामुळे १२८ वर ८ सेकंद घेणारं गणिती काम ५१२ वर २ सेकंदांत झालं, तर वेळेचं बिल (मेमरी गुणिले वेळ) तेवढंच येतं. टाइमआउट, म्हणजे काम तोडण्याआधीची मुदत, मुळात ३ सेकंदांचा असतो, तो वाढवावा. कमाल १५ मिनिटं.

वेळापत्रकाचा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी काम सुरू करणारी ओळ, मुळात यूटीसीत चालतो; ही जागतिक वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. १९ लिहिलंत तर संदेश मध्यरात्रीनंतर साडेबाराला जाईल, १३:३० हवं. वेळापत्रकाने सुरू झालेलं काम चुकलं तर लॅम्डा ते आणखी २ वेळा करून पाहते, म्हणजे अर्ध्यावर अडलेल्या यादीतल्या पहिल्या शेतकऱ्याला तोच भाव ३ वेळा. तारीख आणि मोबाइल नंबर जोडून नोंद ठेवावी, आणि नोंद सापडली तर पाठवू नये. लॉगची, म्हणजे फंक्शन चालताना आपोआप लिहिल्या जाणाऱ्या नोंदींची, मुदतही यॅमलमध्येच घालावी. नाही घातली तर ते कायमचे साठत राहतात, आणि त्या साठ्याचं भाडं लागतं.