माणसं घटली, नगरसेवक घटले, गर्दी मात्र तेवढीच

मुंबई शहर जिल्हा, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतची जुनी मुंबई, तिची १९७१ च्या जनगणनेतली लोकसंख्या होती ३०,७०,३७८ आणि २०११ ची आहे ३०,८५,४११. चाळीस वर्षं गेली आणि फरक जेमतेम पंधरा हजारांचा. मधे वरखाली झालं, १९८१ ला ३२.८५ लाख, १९९१ ला ३१.७५ लाख, २००१ ला परत चढून ३३.३८ लाख आणि मग दहा वर्षांत एकदम अडीच लाखांनी खाली. हे परळला रोज उतरणाऱ्या माणसाला सांगितलं तर तो हसतो, म्हणतो सकाळी नऊला ब्रिजवर येऊन दाखवा आणि मग बोला. त्याचंही खरं आहे आणि जनगणनेचंही. दोघं वेगवेगळी गोष्ट मोजतायत एवढंच, आणि महापालिकेची बरीचशी गणितं नेमकी इथेच फसतात.

कुठल्याही भागाची लोकसंख्या चारच गोष्टींनी बदलते. जन्म, मृत्यू, बाहेरून आलेले आणि सोडून गेलेले, पाचवं काही नाही. यातला जन्माचा भाग आता फारसा जोर लावत नाही, कारण महाराष्ट्राचा प्रजनन दरच, म्हणजे एका बाईला सरासरी होणारी मुलं, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १.७ निघाला, आणि पुढची पिढी आधीच्या पिढीएवढी राहायची तर तो साधारण २.१ लागतो. म्हणजे खरा खेळ येणाऱ्या-जाणाऱ्यांचा. दक्षिण मुंबईतून निघालेली माणसं गेली कुठे हे शोधायला लांब जायला नको, २००१ ते २०११ याच दहा वर्षांत तेव्हाचा अख्खा ठाणे जिल्हा (पालघर तेव्हा वेगळा झाला नव्हता) ८१ लाखांवरून ११० लाखांवर गेला. अर्थात ती सगळी वाढ काही मुंबईतून गेलेल्यांची नाही, देशभरातून लोक थेट तिकडेच उतरतात, पण विरार, डोंबिवली, बदलापूरला निम्मी लोकल ‘आम्ही मूळचे लालबागचे’ म्हणणारी भेटते.

आता वॉर्डवार (वॉर्ड म्हणजे पालिकेचे ए, बी, सी असे प्रशासकीय विभाग) २००१ ते २०११ बघा, कारण जिल्ह्याचा आकडा बरंच काही लपवतो. सी वॉर्ड, म्हणजे काळबादेवी-भुलेश्वर, २,०२,९२२ वरून १,६६,१६१ वर आला, १८ टक्के घट. जी दक्षिण, म्हणजे वरळी-लोअर परळ-प्रभादेवी, ४,५७,९३१ वरून ३,७७,७४९, हीसुद्धा साडेसतरा टक्के. पण शेजारच्याच जी उत्तरमध्ये, जिथे धारावी येते, लोकसंख्या १७ हजारांनी वाढली, आणि एफ उत्तरमध्येही (सायन, वडाळा, अँटॉप हिल) थोडी वाढलीच. बाकी सातही वॉर्ड घटले.

सी वॉर्ड आणि जी दक्षिणची टक्केवारी जवळपास सारखी असली तरी कारणं अगदी वेगळी. काळबादेवीत राहत्या खोल्यांची गोडाऊनं, ऑफिसं आणि वर्कशॉप झाली, इमारत तीच, माणूस राहायचा बंद झाला. जी दक्षिणमध्ये कापड गिरणी गेली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते, पण लोकसंख्या दुसऱ्या दिवशी घटत नाही. माणूस आधी वाट बघतो, मग पोराच्या पगारावर चालवतो, मग कधीतरी बिल्डर येतो नाहीतर बहिणीच्या लग्नाला पैसे लागतात आणि खोली विकली जाते, त्यामुळे संपाचा परिणाम आकड्यात पूर्ण दिसायला वीस-पंचवीस वर्षं लागली. जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी सरकारला उपकर भरणाऱ्या) इमारती पडायला आल्या तिथलीही कुटुंबं संक्रमण शिबिरात, म्हणजे तात्पुरत्या घरांत, जातात, ते शिबिर बऱ्याचदा उपनगरात असतं आणि ‘दोन-तीन वर्षांसाठी’ गेलेलं कुटुंब जनगणनेच्या वेळी तिथेच सापडतं.

मला स्वतःला यातला सगळ्यात बोलका आकडा स्त्री-पुरुष प्रमाणाचा वाटतो. २००१ ला मुंबई शहर जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ७७७ बायका होत्या, २०११ ला ८३२. दहा वर्षांत एवढी उडी मुली जास्त जन्मून येत नाही. कोकणातून, घाटावरून, उत्तर प्रदेशातून एकटे येणारे, गावमंडळाच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारे आणि खानावळीत जेवणारे पुरुष कमी झाले, उरली ती कुटुंबं. आणि पालिकेच्या दृष्टीने कुटुंब म्हणजे निराळं गिऱ्हाईक आहे, त्याला शाळा लागते, लस लागते, दिवसभर पाणी लागतं.

इथेच ‘लोकसंख्या कमी म्हणजे भार कमी’ हा हिशोब मोडतो. वरळीच्या बीडीडी चाळी, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सरकारी चाळी, घ्या, एका इमारतीत ८० खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. समजा तिथे पूर्वी खोलीत आठजण राहायचे आणि पुनर्विकासानंतर ५०० चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये (वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या) चारजण राहतायत. कागदावर लोकसंख्या निम्मी झाली, पण दारं तेवढीच राहिली, आणि प्रत्येक दारामागे आता स्वतःचा संडास, वॉशिंग मशीन, एसी आणि खाली पार्किंगमध्ये गाडी आहे. पाणी, वीज, कचरा, ड्रेनेज यातलं बरंच काही कुटुंबागणिक वाढतं, डोक्यागणिक नाही, म्हणून नियोजन करताना माणसांइतकीच दारंही मोजावी लागतात. आणि पुनर्विकासात मूळ लोकांच्या शेजारी विक्रीचे टॉवर येतात ते वेगळेच.

मतदारसंघाचं गणित मात्र निव्वळ डोक्यांवर चालतं. मुंबई महापालिकेत २२७ नगरसेवक, २०११ च्या १,२४,४२,३७३ लोकांना भागलं की एका प्रभागाला, म्हणजे एका नगरसेवकाच्या मतदारसंघाला, साधारण ५४,८०० माणसं येतात. प्रभाग आखताना या सरासरीच्या दहा टक्के वर-खाली चालतं, जनगणनेचा प्रगणक गट (एका प्रगणकाने मोजलेली घरं) शक्यतो तोडत नाहीत, नाला, रस्ता, रेल्वेलाइन अशी ठळक हद्द धरतात, आणि क्रमांक उत्तरेकडून सुरू करतात, म्हणून एक नंबर दहिसरला आणि २२७ कुलाब्याला. २०१७ च्या निवडणुकीआधी हे गणित २०११ च्या आकड्यांवर नव्याने मांडलं तेव्हा शहरातले प्रभाग ६३ वरून ५६ झाले, पश्चिम उपनगरांना पाच आणि पूर्व उपनगरांना दोन जास्त मिळाले. आकडेमोड चोख होती, जुने ६३ ठेवले असते तर शहरात ४९ हजारांना एक नगरसेवक आणि उपनगरात ५७ हजारांना एक असं झालं असतं, ते काही न्याय्य नव्हतं. पण प्रत्येक नगरसेवकाला निधी असतो, सभागृहात आवाज असतो, आणि तो सात ठिकाणी कमी झाला तेव्हा लोअर परळच्या रस्त्यावरचा भार कमी झालेला नव्हता, उलट वाढला होता.

कारण जनगणना माणूस जिथे राहतो, झोपतो तिथे मोजते. गिरण्यांच्या जागी ऑफिसं आली, त्यात येणारा माणूस झोपतो बोरिवलीला किंवा कळव्याला, त्यामुळे लोअर परळच्या आकड्यात तो नाही. गिरणी कामगार बहुतेक चालत कामाला जायचा, स्टेशनवर त्याचा ताण नव्हता. नवीन नोकरदार बहुतेक स्टेशनातूनच येतो. २९ सप्टेंबर २०१७ ला तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले, ज्या भागाची लोकसंख्या जनगणनेप्रमाणे घटत होती त्या भागात! पूल रेल्वेचा, प्रभाग पालिकेचा आणि दिवसाची लोकसंख्या कोणाच्याच वहीत नाही.

बरं, रात्रीची तरी ताजी आहे का? २०२१ ची जनगणना झालीच नाही. २०२१ मध्ये वाढीचा अंदाज धरून प्रभाग २३६ करायचं ठरलं, पुढच्या वर्षी ते परत २२७ वर आलं, आणि जानेवारी २०२६ ची निवडणूक २०११ च्याच लोकसंख्येवर झाली. पंधरा वर्षांत किती चाळी पडल्या आणि किती टॉवर उभे राहिले ते धरलंच नाही. नवीन जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, आकडे वॉर्डवार हातात यायला त्यापुढे वेळ जाणार.

तोवर काम चालवायचं तर पालिकेकडे दुसऱ्या नोंदी आहेत, फक्त त्या जपून वाचाव्या लागतात. मतदारयादी घ्यावी तर विरारला गेलेला माणूस मत लालबागलाच ठेवतो, रेशनकार्डही तिथलंच, गणपतीला येतो तसा मतालाही येतो. पटसंख्या घ्यावी तर पालिकेच्या मराठी शाळेतली पोरं कमी होण्यात स्थलांतर किती आणि इंग्लिश मीडियम किती हे वेगळं करता येत नाही. आणि जन्म-मृत्यूची नोंद तर जिथे घटना घडली तिथे होते. एफ दक्षिण वॉर्डात केईएम आहे, वाडिया आहे, टाटा हॉस्पिटल आहे, त्यामुळे नुसतं रजिस्टर बघणाऱ्याला वाटेल परळमध्ये प्रचंड बाळंतपणं होतात आणि कॅन्सरने माणसं पटापट मरतात. त्यातल्या कित्येक आया कल्याण-भिवंडीच्या आणि पेशंट तर पार बंगाल-बिहारचे. जन्मनोंदणीच्या फॉर्मवर आईच्या राहत्या ठिकाणाचा रकाना असतो, तो वॉर्डप्रमाणे लावून घेतला की कुठे अंगणवाडी वाढवायची आणि कुठे वृद्धांसाठी दवाखाना, हे २०२७ ची वाट न बघताही बऱ्यापैकी कळू शकतं. काम कंटाळवाणं आहे, पत्ते अर्धवट लिहिलेले असतात, ‘गणेश नगर’ तर दर वॉर्डात एक सापडेल.