पहिलं मेंडोलिन घेताना

दुकानात आल्यावर बहुतेक जण आधी आकार आणि पॉलिश बघतात. आमचं म्हणणं, आधी तारांची उंची बघा. मेंडोलिनला 8 पोलादी तारा असतात, जोडीजोडीने एका स्वरात लावलेल्या. म्हणजे बोटाखाली एका वेळी दोन तारा दाबायच्या. तारा उंच असतील तर नवख्याची बोटं सोलवटतात आणि वाद्य माळ्यावर जातं. बाराव्या पडद्यापाशी (पडदे म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तार आणि पडदा यांत दीड ते दोन मिलिमीटर अंतर असलं की हात सुखात राहतो.

तिथेच सूर तपासा. बाराव्या पडद्यावर तारेला बोट नुसतं टेकवून छेडा, मग तीच तार दाबून वाजवा. दोन्ही स्वर जुळायला हवेत. जुळत नसतील तर बहुधा घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो लाकडी तुकडा, सरकलेली असते. ती चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावरच उभी असते. म्हणून तारा बदलताना एकेक करून बदला. सगळ्या एकदम काढल्या तर घोडी हातात येईल.

‘ए’ आकार थेंबासारखा, साधा. ‘एफ’ आकाराला खांद्याशी वळण असतं. दिसतं झकास, पण त्या कोरीवकामाचेच जादा पैसे पडतात, आवाज त्याने सुधारत नाही. पहिल्यांदा घेताय तर ‘ए’च घ्या आणि उरलेल्या पैशांत वरची फळी प्लायऐवजी अखंड स्प्रूस लाकडाची बघा. गोल पाठीचं मेंडोलिन मांडीवरून घसरतं, नवख्यांना आम्ही ते सुचवत नाही. कर्नाटक संगीतातले मेंडोलिनवादक यू. श्रीनिवास वाजवत तसं पाच तारांचं इलेक्ट्रिक हवं असेल, तर ते वाद्यच वेगळं. आधी गुरुजींना विचारा.

घरात व्हायोलिन असेल तर उत्तमच. दोन्ही वाद्यं सारख्याच स्वरांत लागतात, जी-डी-ए-ई, प्रत्येक स्वर आधीच्याचा पंचम. (लक्ष्मीकांत मेंडोलिन वाजवत आणि प्यारेलाल व्हायोलिन, हे जाता जाता.)

मुंबईचा पावसाळा मात्र वाद्याचा वैरी. तारा गंजतात, लाकूड फुगतं. वाजवून झालं की तारा कोरड्या सुती फडक्याने पुसा, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, ओल येणाऱ्या भिंतीला वाद्य टांगू नका. संध्याकाळच्या लोकलने क्लासला जाणार असाल तर कापडी पिशवी उपयोगाची नाही, कडक पेटीच घ्या.

आमच्याकडच्या मेंडोलिनच्या किमतीत पहिलं सेटिंग, म्हणजे तारांची उंची आणि सूर जुळवून देणं, धरलेलं आहे. ऑनलाइन मागवलेलंही घेऊन या, तारा खाली करून देऊ. पण त्याची मान वाकलेली दिसली तर मुदतीत परतच पाठवा. ती दुरुस्ती स्वस्त वाद्याच्या किमतीला भिडते.