थायोफ्लेविन-टी चाचणी

थायोफ्लेविन-टी चाचणी : द्रावणातील प्रथिनांचे अमायलॉइड तंतू (चुकीच्या घडणीची प्रथिने एकत्र येऊन झालेले धागे) थायोफ्लेविन-टी या रंगाच्या फ्लुओरेसन्सवरून (प्रकाश शोषून वेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश सोडणे) ओळखण्याची पद्धत. अल्झायमरमधील बीटा-अमायलॉइडपासून आम्लात तापवलेल्या इन्शुलिनपर्यंत अनेक प्रथिनांसाठी ती वापरतात. ऊतींच्या छेदातील अमायलॉइड या रंगाने दाखवता येते, हे व्हॅसर व कलिंग यांनी १९५९ मध्ये मांडले. द्रावणातल्या मापनासाठी ती नाइकी व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये वापरली.

रंगाच्या रेणूतील दोन वलये एका बंधाभोवती फिरतात आणि पाण्यात शोषलेली ऊर्जा त्या फिरण्यातच खर्ची पडते. तंतूच्या बीटा-पत्रकांवरील (प्रथिनसाखळ्या शेजारी-शेजारी लागून बनलेल्या पत्र्यांवरील) खाचेत रेणू बसला की फिरणे अडते व ४८२ नॅनोमीटरजवळ ठळक उत्सर्जन मिळते. उत्तेजन ४४० ते ४५० नॅनोमीटरला देतात.

साठ्याच्या द्रावणासाठी ८ मिलिग्रॅम रंग १० मिलिलिटर फॉस्फेट बफरमध्ये (पीएच ७) विरघळवून ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळतात आणि अंधारात ठेवतात. ते आठवडाभर टिकते. बाजारातल्या भुकटीत शुद्ध रंग बराच कमी असू शकतो, शिवाय थोडा फिल्टरला चिकटतो. म्हणून वजनावर विसंबू नये. साठा शंभरपट विरल करून ४१२ नॅनोमीटरला शोषण मोजावे व मोलर शोषणांक ३६,००० धरून संहती काढावी. वापरताना साठा पन्नासपट विरल करतात. त्यातील १ मिलिलिटरचे कोरे (नमुना न घालता) वाचन आधी घ्यावे, मग ५ ते १० मायक्रोलिटर नमुना घालून मिनिटभर ढवळून पुन्हा मोजावे. तंतू तळाशी बसतात; नमुना उचलण्यापूर्वी नळी हलवली नाही, तर एकाच नळीतली दोन वाचने जुळत नाहीत.

तंतू वाढताना सलग मोजायचे असल्यास ९६ खणांच्या प्लेटमध्ये १० ते २० मायक्रोमोलर रंग प्रथिनासोबतच ठेवतात. प्लेटवर चिकटपट्टी हवीच, कारण ३७ अंशांनाही पाणी उडते आणि वाढलेली संहती तंतूंच्या वाढीसारखी दिसते.

चकवे बरेच आहेत. पीएच ९ च्या वर हायड्रॉक्साइड रंगाच्या रेणूवरच हल्ला करते. रंग धनभारित असल्याने तीव्र आम्लात धनभारित तंतूंशी तो नीट बांधला जात नाही. एसडीएससारखी डिटर्जंटे आणि डीएनएच्या चौपदरी रचना तंतूंशिवायही उजेड देतात. सर्वांत फसवे प्रकरण हळदीतल्या कर्क्युमिनचे. ते ४२५ नॅनोमीटरजवळ प्रकाश शोषते, रंगाशी जागेसाठी स्पर्धाही करते. त्यामुळे तंतू जसेच्या तसे असताना संकेत घसरतो आणि तंतू रोखणारे औषध लागू पडल्याचा भास होतो. सोन्याचे नॅनोकण फ्लुओरेसन्स शमवतात, तेव्हा तिथेही तीच चूक होते. तयार तंतूंत तोच पदार्थ घालून लगेच वाचन घेतले की हे उघड होते : तत्क्षणी झालेली घट तंतू विरघळल्याची नसते.

तंतू खरेच अमायलॉइड आहेत का, याची पडताळणी अवरक्त वर्णपटाने करतात. अमाइड-१ पट्ट्यात (प्रथिनाच्या पेप्टाइड बंधांचे शोषण दिसणाऱ्या भागात) अमायलॉइडचे शिखर साधारण १६११ ते १६३० प्रति सेंटिमीटर या टप्प्यात, म्हणजे सामान्य बीटा-पत्रकांपेक्षा खाली, येते. साध्या पाण्याचे शोषण १६४५ च्या आसपास आडवे येते, म्हणून नमुना जड पाण्यात करतात किंवा वाळवून घेतात.