एकाच बेअरिंगची चार नावं: मॉडेल सुरू करण्याआधी एवढं वाचा

"टॅली जोडून दिलीत, मग कोणता माल किती मागवायचा ते अजून का दिसत नाही?" बेअरिंग, व्ही-बेल्ट, ऑइल सील विकणारे आमचे बहुतेक ग्राहक हे विचारतात. जोडणीला वेळ लागत नाही. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला डेटा ओडीबीसीतून (एका सॉफ्टवेअरचा डेटा दुसऱ्याला वाचू देणारी सोय) आमच्या डेटाबेसमध्ये येतो आणि त्यावर मॉडेल, म्हणजे कोणता माल किती मागवायचा ते काढणारा आमचा प्रोग्राम, चालतं. आम्ही टॅलीतून फक्त वाचतो, तिथे काहीही लिहीत नाही. वेळ जातो तो स्टॉक आयटमच्या मास्टरमध्ये, म्हणजे टॅलीतल्या मालाच्या मूळ यादीत.

साधं ६२०५ नंबरचं बेअरिंग घ्या. मास्टरमध्ये ते 'बेअरिंग ६२०५', '६२०५ बेरिंग', 'बीआरजी ६२०५' आणि '६२०५ ओपन' असं चार ठिकाणी सापडतं, कारण काउंटरच्या घाईत ज्याने त्याने नवा आयटम उघडलेला असतो. बिलिंगचं त्याने काही अडत नाही. मॉडेलला मात्र हे चार वेगळे माल वाटतात.

समजा वर्षाला २४०० नग खपतात, एका ऑर्डरमागे ३०० रुपये खर्च येतो आणि एक नग वर्षभर ठेवायला १६ रुपये पडतात. इओक्यूच्या (सर्वात कमी खर्चात एका वेळी किती मागवायचं ते काढण्याच्या) सूत्राने एका वेळी ३०० नग मागवायचे, म्हणजे वर्षात ८ ऑर्डरी. हाच खप चार नावांत सारखा विभागला की प्रत्येक नावाला १५० नग निघतात. चारही मिळून ऑर्डरी १६ होतात, आणि तरीही गोदामात सरासरी दुप्पट माल पडून राहतो. चारही नावांचा खप आपापला वर-खाली होत असेल तर सेफ्टी स्टॉकही (अचानक मागणी वाढली तर म्हणून ठेवलेला जादा माल) दुप्पट. सूत्र चुकलेलं नसतं, पण पैसा तुमचा अडकतो.

काहीजण यादी एक्सेलमध्ये घेऊन नावं नीट करतात आणि ती शीट आम्हाला पाठवतात. कृपया असं करू नका. रात्री टॅलीतून डेटा पुन्हा आला की जुनीच नावं परत येतात आणि तुमच्या माणसाची मेहनत वाया जाते. दुरुस्ती टॅलीतच करा. एक नाव मुख्य ठेवा, बाकीच्यांची शिल्लक स्टॉक जर्नलने (माल एका आयटममधून दुसऱ्यात नेण्याची नोंद) त्यात आणा. व्यवहार झालेला आयटम डिलीट होत नाही, म्हणून जुन्या नावापुढे 'बंद' लिहा आणि मोकळं झालेलं नाव मुख्य आयटमला अलायस, म्हणजे दुसरं नाव, म्हणून द्या. काउंटरवरची सवय मोडावी लागत नाही. मागचा खप मुख्य नावाखाली आणायचं काम आमचं.

"सारखी नावं सॉफ्टवेअरच का जोडत नाही?" असंही विचारतात. कारण ६२०५-२झेडला पत्र्याचं शील्ड असतं, ६२०५-२आरएसला रबरी सील, आणि मागे सी३ असेल तर आतला क्लिअरन्स, म्हणजे भागांमधली मोकळी जागा, जास्त. नावात एक-दोन अक्षरांचा फरक, पण मोटर दुरुस्त करणाऱ्याने सी३ मागितलं तर साधं देऊन चालत नाही. हे तुमच्या स्टोअरकीपरला कळतं, म्हणून आम्ही त्यांच्याबरोबर बसूनच यादी लावतो. कोटेशनमध्ये 'मास्टर सफाई' वेगळी दिसते ती यासाठी, आणि ती झाल्याशिवाय आम्ही मॉडेल सुरू करत नाही.

ज्यांनी आधीच आयटम कोड लावले आहेत त्यांना हा खर्च सहसा येत नाही. आयटमची यादी पाठवा, पाहून सांगण्याचे पैसे घेत नाही. यादीत युनिटचा रकाना राहू द्या. एकच माल कुठे नग, कुठे डझन असेल तर तेही त्याच वेळी सापडतं.